पांधण कोणाची? काटोलकडची एक वाट, एक गेट आणि काही शंका

आंबटगोड

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

काटोल तालुक्यात आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. गावाचं नाव देत नाही, गावातले दोघे-तिघे इथे वाचतात. मी नोकरीमुळे नागपुरात, बाग बाबा बघतात, वय ७१. गावापासून नाल्यापर्यंत पांधण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, आहे. नाला ओलांडला की शेजाऱ्याच्या शेतातून साधारण चारशे फूट जायचं, मग आमचा धुरा (शेताचा बांध) लागतो. आजोबांची बैलगाडी याच वाटेनं जायची, आता व्यापाऱ्याची पिकअप जाते. म्हणजे जायची.

शेजारचं शेत दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं. नवे मालक नागपूरचेच, बोलायला गोड. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नाल्याच्या अलीकडे, पांधणीवरच, लोखंडी गेट बसवलं. पलीकडच्या वहिवाटीवर तार ओढून आंब्याची कलमं लावली. बाबांना म्हणाले, "काका, पायी जा ना, मी कुठं नाही म्हणतो? गाडी मात्र नको, ठिबकच्या नळ्या फुटतात."

पायी जाऊन संत्रा कसा काढायचा? आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या संत्र्याचा, सौदा झालेला होता. व्यापाऱ्यानं गेट पाहिलं आणि जागेवरच भाव पाडला. शेवटी मजुरांनी क्रेट डोक्यावर घेऊन गेटपर्यंत आणले, एकेका क्रेटमध्ये वीस किलोच्या वर माल. बाबांनीही दोन वाहिले. हे मला आईकडून महिन्याभरानं कळलं.

तंटामुक्ती समितीत दोनदा बसून झालं. सरपंच म्हणतात तहसीलला जा. तलाठी म्हणतात सातबाऱ्यावर रस्ता नाही. शेजारी म्हणतात, सातबारा माझा, रस्ता दाखवा. आणि खरंच, त्यांच्या सातबाऱ्यावर रस्त्याचा शब्द नाही. मग आमचा हक्क आहे तरी का? उद्या महाशिवरात्र. काही झाडांवर मृगाचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या बहाराचा, माल आहे, तो पंधरा दिवसांत काढायला येईल. भांडण नको आहे, वाट हवी आहे.

धुऱ्यावरचा

ताई, घरोघरी मातीच्या चुली. आमच्या कुहीकडं पांधण इतकी निमुळती झाली का बैल खालून चालते अन् गाडीचं एक चाक धुऱ्यावर चढते. दरसाली वखर मारताना जो तो एक तास (औताची ओळ) आपल्याकडं ओढतो. पांधण कोणी चोरत नाही, चाटून चाटून खातात. तुमच्याकडं गेट तरी आहे, बोट दाखवता येते. आमच्याकडं दाखवाव कोणाकडं?

जुना साखळीवाला

मोजणी खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून लिहितो. "सातबाऱ्यावर रस्ता नाही" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. सरकारी पांधण शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर असायचं कारणच नाही. ती त्याची जमीन नाही. ती शोधायची गावनकाशावर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रमाणित नक्कल काढा. मोबाइलवरचा महाभूनकाशा अंदाज घ्यायला ठीक, पण तेवढ्यावर भांडायला जाऊ नका.

नकाशावर दोन तुटक रेषा शेजारी-शेजारी धावत असतील तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. आता एक गंमत. नागपूरकडचे जुने नकाशे १६ इंचाला १ मैल या मापाचे. कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर ३३० फूट. साडेसोळा फुटांची पांधण त्यावर इंचाचा विसावा भाग, सव्वा मिलिमीटर. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर आख्खी पांधण त्याखाली झाकते. त्यामुळे नकाशाला पट्टी लावून "रस्ता नऊच फुटांचा आहे" म्हणणारे भेटले तर हसून सोडा. रस्ता आहे की नाही आणि कोणत्या खसऱ्यांमधून (म्हणजे सर्व्हे नंबरांमधून) जातो, एवढं नकाशा सांगतो. जागेवर रुंदी ठरते ती दोन्ही बाजूंचे खसरे मोजून मधे काय उरतं त्यावरून. मोजणीचा खर्च वाचवायला जाऊ नका.

शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर पोटखराबाही बघा. वर्ग 'अ' म्हणजे पिकाला निकामी जमीन, खडक-खड्डे. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली, जिच्यावर आकारणी नसते. 'ब'मध्ये आकडा दिसला तर विचारायचं, साहेब, हा कशाचा?

सातारी कंदी

आमच्याकडे पाणंद म्हणतात. सव्वाआठ, साडेसोळा हे अपूर्णांक कुठून आले ते बघा. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. सव्वाआठ फूट बरोब्बर चार आणे, साडेसोळा आठ आणे. गुंठाही त्याच साखळीचा, ३३ बाय ३३.

जुना साखळीवाला

हिशेब बरोबर. पण ती मुंबई इलाख्याची साखळी. इकडे मध्य प्रांत होता, इथं चालायची ती ६६ फुटी, शंभर कड्यांची. आमच्याकडे गुंठा म्हटलं की लोक विचारात पडतात. एकर आणि डिसमिल (एकराचा शंभरावा भाग) बोला.

कोर्टाची पायरी

ताई, तुमची वाट एक नाही, दोन आहेत, आणि तुमच्यासारख्या दहातल्या आठ प्रकरणांत घोळ इथंच होतो.

नाल्याच्या अलीकडची पांधण नकाशावर निघाली तर ती सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या. तिथं गेट लावणं हे अतिक्रमण. त्यासाठी तुमच्या आजोबांची बैलगाडी सिद्ध करायची गरज नाही. नकाशा, मोजणी आणि तहसीलदारांकडे अतिक्रमण काढण्याचा अर्ज, बस.

पलीकडचे चारशे फूट निराळे. ती जमीन खरोखरच शेजाऱ्याची आहे, त्यावर तुमची वहिवाट आहे. चालू वहिवाट अडवली की उपाय मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पुन्हा करू नये असा मनाई हुकूमही देऊ शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. लोक समितीच्या बैठका, मामेसासऱ्यांची मध्यस्थी यात सात महिने घालवतात आणि मग माझ्याकडे येतात. तुमची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत धरा, शेवटच्या आठवड्यावर भरवसा ठेवू नका.

तिसरा रस्ता संहितेचं कलम १४३. शेतात जायला वाटच नाही, ती द्या, अशी मागणी. यात तहसीलदार दुसऱ्या खसऱ्यांच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून, वाट देतात. शेताच्या पोटातून नाही. तुमची जुनी वहिवाट शेताच्या मधून जात असेल तर १४३ खाली ती तशीच मिळणार नाही.

तहसीलीसमोर टेबल टाकून बसलेले अर्जवाले एकाच कागदावर दोन्ही कलमं ठोकून देतात. तसं करू नका. एका ओळीत "आमची वाट होती, ती अडवली" आणि पुढच्या ओळीत "आम्हाला वाट नाही, ती द्या"? समोरचा वकील एवढ्यावरच दुपार काढेल.

निकालानंतरचंही सांगतो. १९०६ च्या कायद्यात अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी असते. १४३ च्या आदेशावर एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो, आणि दावा लावला की महसुली अपिलाचा मार्ग बंद.

आणि तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य गेटचं नाही. "काका, पायी जा ना, मी कुठं नाही म्हणतो?" हे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वापरानं वाटेचा हक्क पक्का होतो, पण तो वापर हक्कानं केलेला हवा, कोणाच्या परवानगीनं नव्हे. "मालकांच्या परवानगीने पायी जात आहे" अशा कागदावर बाबांनी सही केली असेल तर आजच सांगा.

आंबटगोड

अंगावर काटा आला. त्यांनी खरंच एक कागद आणला होता! "सामंजस्य पत्र" असं वर लिहिलेलं. बाबांकडे चष्मा नव्हता म्हणून म्हणाले उद्या वाचून सही करतो, आणि मग विसरले. तो कागद अजून दिनदर्शिकेच्या मागे खोचलेला आहे.

कोर्टाची पायरी

चष्मा तिथंच हरवलेला राहू द्या. कागद फाडू मात्र नका, कामाला येईल.

मोकळी हवा

मी तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूचा माणूस, मार खायची तयारी ठेवून लिहितो. हिंगण्याकडे दोन एकर घेतलं २०१९ मध्ये. विकणाऱ्यानं वाटेचं काही सांगितलं नाही, सातबारा स्वच्छ, बँकेनं कर्ज दिलं. पहिल्या पावसाळ्यात तिघांचे ट्रॅक्टर माझ्या भाजीतून. विचारलं तर "आमचा बाप इथूनच जाये." रात्री मोटारीची केबल चोरीला गेली, कोण आलं कोण गेलं काही कळत नाही. शेवटी गेट लावलं. मी खलनायक नाही हो. जमीन घेताना मला हे कोणत्या कागदावर दिसायला हवं होतं?

जुना साखळीवाला

प्रश्न रास्त आहे. तुमच्याच खरेदीखतात दिसायला हवं होतं. चतुःसीमा वाचली का? "पूर्वेस अमुक यांचे शेत, पश्चिमेस पांधण." लोक किंमत वाचतात, क्षेत्र वाचतात, चतुःसीमा वाचून होईपर्यंत दुय्यम निबंधकाकडे अंगठ्याचा नंबर लागतो.

आंबटगोड ताई, तुम्हीही शेजाऱ्याच्या खरेदीखताची नक्कल मागा. नोंदलेला दस्त आहे, मिळते.

आणि अजून एक कागद, जो साताऱ्याच्या मंडळींकडे नाही. वाजिब-उल-अर्ज. मालगुजारीच्या काळापासून आपल्याकडे गावोगावच्या चालीरीती लिहून ठेवल्या जात. महसूल संहितेत निस्तार पत्रक (सरकारी पडीक जमिनीवरचे गावाचे चराई-सरपणाचे हक्क) आणि वाजिब-उल-अर्जाचं जे प्रकरण आहे ते फक्त विदर्भाला लागू. कलम १६५ वाचा: खाजगी जमिनीतून किंवा पाण्यातून गावाचा सिंचनाचा, *वाटेचा*, मासेमारीचा जो रिवाज असेल तो त्यात नोंदायचा. मी नोकरीत असताना हा दस्त मागायला वर्षातून दोन माणसं यायची. आणि त्यातला एक पीएचडी करणारा असायचा.

धुऱ्यावरचा

वाजिब-उल-अर्ज! आमचा आजा "वाजबुलर्ज" म्हणे. मले लहानपणी तो एखादा रोग वाटे.

लेस्टरकर

मूळची धंतोलीची, आता इंग्लंडात. इथं कौन्सिलकडे वाटांचा एक अधिकृत नकाशा असतो, पायवाट वेगळी, घोडेवाट वेगळी, आणि नकाशावर आहे म्हणजे वाट आहे हे निर्णायक. वीस वर्षं लोक बिनदिक्कत चालत राहिले तर १९८० च्या हायवे कायद्यानं ती सार्वजनिक मानतात, म्हणून जमीनमालक आधीच पाटी लावून ठेवतात की ही सार्वजनिक वाट नाही. शेतकऱ्याला पेरणीसाठी शेतामधली पायवाट नांगरता येते, पण १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. फरक एवढाच की इथल्या वाटा बहुतेक रविवारी कुत्रं घेऊन फिरणाऱ्यांच्या. संत्र्याचे क्रेट कोणी नेत नाही.

धुऱ्यावरचा

चौदा दिवस? आमच्या अर्जाले चौदा वर्षं झाली, तहसीलदार सहा बदलले.

झुडपी

एक सावधगिरी. पांधण झुडपी जंगलाच्या (महसुली नोंदीत तसं लिहिलेल्या झुडपांच्या पडीक जमिनीच्या) खसऱ्यातून जाते का बघून घ्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच असा निकाल दिला. म्हणजे त्या तुकड्यात मुरूम टाकायचा तरी वनखात्याची वाट धरावी लागेल. गावाच्या रस्त्यासाठी वनहक्क कायदा, २००६, कलम ३(२) मध्ये सोय आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पायी चालायला अर्थातच कोणी अडवत नाही.

आंबटगोड

(एप्रिल) उशिरा लिहिते आहे, माफ करा. कामाला लागले होते.

नकाशा मिळाला. गावठाणातून दोन तुटक रेषा निघतात, आमच्या खसऱ्याच्या दिशेनं येतात आणि नाल्याच्या काठावर अचानक थांबतात. मी तो कागद खिडकीच्या काचेवर धरून पाहिला, पलीकडे एखादा ठिपका तरी असेल म्हणून. नाही. म्हणजे पायरी साहेबांचा अंदाज खरा, अलीकडे सरकारची पांधण, पलीकडे वहिवाट.

खरेदीखत मिळालं. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या दस्तात "पश्चिमेस पांधण" असं छापलेलं आहे. खाली त्यांची सही, फोटोसकट.

वाजिब-उल-अर्जासाठी चार खेपा झाल्या. तीनदा "सापडत नाही", चौथ्यांदा अभिलेख कक्षातल्या एका बाईंनी स्वतः शिडीवर चढून बस्ता काढला. लाल कापड, आत पानं बिस्किटासारखी. अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मतलब असा: नाल्यापलीकडच्या शेतांना पीक निघाल्यावर गाडी खळ्यापर्यंत आडवी नेण्याचा रिवाज आहे, पीक उभं असताना धुऱ्याधुऱ्यानं जावं. मी ते तीनदा वाचलं. आपल्याला पूर्ण हक्क लिहिलेला सापडेल असं वाटत होतं, आणि निघाला तो ऋतूप्रमाणे बदलणारा. थोडा विरस झाला, खोटं कशाला बोलू.

कोर्टाची पायरी

विरस कसला? पीक उभं असताना धुऱ्यानं जायचं, हे तिथंच लिहिलंय. संत्र्याची बाग आणि आंब्याची कलमं म्हणजे बारा महिने उभं पीक. म्हणजे बारा महिने धुरा. आडव्या वाटेचा हट्ट सोडा, धुऱ्यावरची मागा. कलम ५ चा अर्ज मुदतीत लागला ना?

आंबटगोड

लागला. अतिक्रमणाचा वेगळा, कलम ५ चा वेगळा. आठ तारखेला.

आंबटगोड

(जून) शेवटची खबर, बहुतेक.

स्थळ पाहणीला तहसीलदार स्वतः आले. मोजणीचे टेप लागले तेव्हा गेटचा एक खांब पांधणीत पुरता आणि दुसरा अर्धा निघाला. आमच्याकडे पूर्वी सालगडी असलेले एक आजोबा, वय ८४, त्यांना खुर्चीवर बसवून नाल्यापर्यंत आणलं होतं. त्यांनी वाट दाखवली नाही, बैलांची नावं सांगितली आणि कोणता बैल नाल्यात कुठं अडायचा ते. पंचनाम्यात बैलांची नावं आली नाहीत, अडायची जागा आली.

खतातली चतुःसीमा वाचून दाखवल्यावर शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही." मोकळी हवा, तुमची आठवण झाली. गेट त्यांनी आदेश यायच्या आत, त्याच आठवड्यात काढलं.

पलीकडच्या भागात तडजोड झाली. आडवी वाट आम्ही सोडली, त्यांनी धुऱ्यालगत बारा फूट सोडले. पायरी साहेबांनी बजावल्याप्रमाणे तडजोड तोंडी ठेवली नाही, आदेशातच घेतली. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद, असं आहे. बारा फूट त्यात बसतात. फेरफार अजून व्हायचा आहे, रोज ऑनलाइन बघते.

एकच झालं. धुऱ्यालगतच्या पट्ट्यात त्यांची अकरा कलमं होती. ते लगेच उपटायला निघाले तर बाबांनीच थांबवलं. "मेच्या उन्हात कलम हलवलं तं मरते, पाऊस पडू द्या." सात महिने ज्या माणसानं वाट अडवली त्याची कलमं वाचवत बसले होते. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. आणि व्हायचं तेच झालं. पाऊस पडला, कलमं हलली, वाट मोकळी झाली आणि पहिलीच खताची पिकअप काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत रुतली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली.

आता प्रश्न मुरमाचा. चारशे फूट लांब, बारा फूट रुंद, किती ब्रास लागेल आणि कधी टाकायचा?

धुऱ्यावरचा

ताई, आता नका टाकू. काळी माती पावसाळ्यात मुरूम गिळते, दोन महिन्यांत पाहाल तं वाटेवर पुन्हा चिखलच. दिवाळी झाली का जमीन आवळते, तवा टाका. आधी दोन्ही बाजूनं नाली काढा, पाणी काढलं नाही तं मुरूम वाया. अर्धा फूट थर धरला तं चोवीसशे घनफूट, म्हणजे चोवीस ब्रास, दबून कमी होते म्हणून चार जास्त सांगा. अन् गौण खनिजाचा परवाना पाह्यल्याशिवाय ट्रॅक्टर भरू देऊ नका, नाही तं वाट तुमची अन् दंडही तुमचाच.

मोकळी हवा

काल माझं खरेदीखत काढून वाचलं. "दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता." साखळीवाले काका, हिंगण्याकडे मोजणीला ओळखीचं कोणी आहे का?